आतून लावलेली कडी

वेल्सच्या डोंगराळ मुलखात ऑक्टोबरचा सूर्य माथ्यावर येत नाही. भिंतीला धरून चालणाऱ्या वृद्धासारखा तो क्षितिजाच्या कडेने सरकत राहतो. आणि त्याचा प्रकाश वरून पडत नाही, बाजूने येतो. तिरपा, मधुवर्णी, क्षीण. आल्या क्षणापासून निरोपाच्या बेतात असलेला.

त्या प्रकाशात टेकड्या पहुडल्या होत्या. टेकडीमागे टेकडी, आणि तिच्यामागे आणखी एक. पहिली ताम्रवर्णी, वाळल्या नेच्यांनी झाकलेली, दुसरी नीलधूसर, तिसरी तर टेकडी नव्हेच, आकाशाच्या पदराला पडलेली एक चुणी. उतारांवर मेंढ्या विखुरल्या होत्या, आणि दगडी बांधांच्या करड्या रेषा हिरव्या कुरणांवरून धावत धावत धुक्यात विरत होत्या.

पायथ्याच्या छोट्या चर्चपाशी एक जुनी मोटार थांबली. तिच्यातून दोन माणसे उतरली. एक उंच, खांद्यात वाकलेला पुरुष. एक ठेंगणी, ताठ स्त्री.

ती कालिंदी. बाहत्तर वर्षांची, अविवाहित, भोरच्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली. अंगावर साडी, साडीवर लोकरीचा जाड कोट, पायांत गुडघ्यापर्यंतचे हिरवे गमबूट. कोट धाकट्या बहिणीचा होता. बूटही धाकट्या बहिणीचेच. ते अर्धे बोट मोठे होते. पावलागणिक टाच आत हलत होती. जणू त्या बुटांत आधीपासून कुणाचे तरी पाऊल होते, आणि ते हिच्या पावलाला अंग चोरून जागा करून देत होते.

तो एमरिस. त्या धाकट्या बहिणीचा, शरयूचा, नवरा. अडुसष्ट वर्षांचा गवंडी. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून शेतांचे बांध रचणारा. त्याचे हात त्याच्या दगडांसारखेच होते, करडे, खडबडीत, थंडीत भेगाळलेले.

आणि शरयू नव्हती. वैशाखात ती गेली होती.

त्या सकाळी भोरच्या घरात फोन वाजला होता, आणि एका अनोळखी, जाड, परक्या आवाजाने स्वच्छ मराठीत सांगितले होते, "ताई, शरयू गेली. पहाटे. मी आता एकटी आहे."

एकटी.

चौतीस वर्षे कालिंदीने मुलींच्या वह्यांतल्या अशा चुकांखाली लाल रेघा ओढल्या होत्या. त्या सकाळी मात्र ती फोन हातात धरून भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली. कारण ती चूक कुठून आली ते तिला तत्क्षणी उमगले. या माणसाने मराठी एकाच मुखातून ऐकली होती. शरयू म्हणे, मी येते. म्हणून तोही म्हणे, मी येते. शरयू म्हणे, मी दमले. म्हणून तोही म्हणे, मी दमले. शरयूने त्याला कधी सुधारले नाही. का, कोण जाणे. त्या दूरच्या, ओल्या, मेंढपाळी मुलखात आपल्यासारखेच बोलणारे आणखी कुणीतरी असावे, बहिणीसारखे, असे तिला वाटले असेल.

त्याने बोलावले. पाच महिने 'येते, येते' म्हणत अखेर ती आली. आज तो तिला शरयूच्या वाटेने नेत होता. दर रविवारी शरयू जिथे चालत जाई त्या वाटेने. आधी पडका किल्ला, मग त्याच्याही वर, त्याच्याहीपेक्षा प्राचीन असा मातीचा कोट.

"चालशील ना, ताई?" त्याने विचारले. शरयू तिला 'तू' म्हणे, म्हणून तोही 'तू'च म्हणे. "लांब नाही. अर्धा तास किल्ला, अर्धा तास वर. मी हळू चालते."

"चालेन," कालिंदी म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा."

वाट दोन बांधांमधून जात होती. अरुंद, पर्णाच्छादित, ओली वाट. दोन्ही बाजूंना शेवाळलेले दगड, दगडांच्या फटींत बोटभर उंचीची झाडे, झाडांच्या पानांवर थांबलेले पाणी. वर ओकवृक्षांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांतून एकेक पान, पिवळे, विनातक्रार, गिरक्या घेत खाली येणारे. कुठेतरी ओढा होता. दिसत नव्हता, पण त्याचे बोलणे सतत सोबतीला होते.

एका ठिकाणी एमरिस थबकला. बांधाच्या एका भागावर त्याने तळवा ठेवला. "हा मी रचला. शरयू दगड द्यायची. म्हणायची, हा नको, याचं तोंड वाकडं आहे." तो हसला, आणि हसता हसता पुढे चालू लागला, म्हणून त्याचे हसणे कसे संपले ते कालिंदीला दिसले नाही.

तिने त्या दगडांकडे पाहिले. यातला एखादा तरी शरयूच्या हातातून गेला होता. कोणता, ते सांगणार कोण?

आई गेली तेव्हा शरयू नऊ वर्षांची होती आणि कालिंदी पंधराची. त्या दिवसापासून शरयूची वेणी कालिंदीने घातली. शरयूचा ताप कालिंदीने उतरवला, शरयूचे पाढे कालिंदीने घेतले, शरयूच्या परीक्षेला कालिंदी शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात उभी राहिली. आलेली दोन स्थळे तिने परत धाडली, धाकटी मार्गी लागू दे म्हणून. धाकटी नर्स झाली, चोविसाव्या वर्षी परदेशी नोकरीला गेली. मग कालिंदीचे ठरले. साताऱ्याचे घर, कॉलेजात शिकवणारा मुलगा, मितभाषी, मोठ्या कपाळाचा. त्याने तिला दोन पत्रे लिहिली होती.

आणि त्याच महिन्यात शरयूचे पत्र आले. तिने एका गोऱ्या गवंड्याशी लग्न केले होते.

साताऱ्याहून तिसरे पत्र आले नाही. निरोप आला. वडिलांनी शरयूचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिचे नाव घरातून. कालिंदी बत्तीस वर्षांची होती. त्यानंतर तिने काही मागितले नाही, कुणाला काही सांगितले नाही. फक्त तिच्या आत काहीतरी गोठले, थिजले, घट्ट झाले, आणि त्या गोठलेपणालाच ती स्वाभिमान म्हणत राहिली.

झाडी संपली, आणि किल्ला समोर आला.

किल्ला कसला, किल्ल्याची आठवण! आठशे वर्षांपूर्वी कुण्या स्थानिक राजाने बांधलेला. आता एक फुटका बुरूज, गवताने गिळलेले चौथरे, आणि एक कमान. कमानीच्या दोन्ही बाजूंच्या भिंती कधीच्या ढासळल्या होत्या. कुणीही वळसा घालून आत जावे. अडवायला काही नव्हते. तरी एमरिस वाकून कमानीतूनच आत गेला, आणि त्याच्यामागून कालिंदी.

आत निवारा होता. वारा बाहेर राहिला. बुरुजाच्या भग्न ओठावरून कावळे उडाले, काळे, कर्कश, आणि पुन्हा येऊन बसले. भिंतीच्या एका कोनाड्यात ऊन साठले होते, ओंजळीत पाणी साठावे तसे.

"शरयू इथे बसायची," एमरिस म्हणाला. "डबा खायची. पोळीचा रोल, आत गूळ-तूप. म्हणायची, ताई आली की तिला इथंच बसवायचं. इथं वारा लागत नाही, ताईचे कान दुखतात वाऱ्यानं."

कालिंदीचा हात नकळत कानावरच्या पदराकडे गेला. "असं म्हणायची?"

"दर वर्षी. दर वर्षी म्हणायची, या वर्षी ताई येईल." त्याने एक चपटा खडा उचलला, बोटांत फिरवला. "मग नाही म्हणाली."

"केव्हापासून?"

"भोरला आलो होतो आम्ही. त्यानंतर."

कावळे गप्प झाले होते, की कालिंदीला ऐकू येईनासे झाले होते?

"तुझे बाबा वारल्यावर," एमरिस सावकाश, एकेक शब्द दगडासारखा पारखून ठेवत म्हणाला. "घर बंद होतं. शरयू म्हणाली, ताई गावाला गेली आहे." तो तिच्याकडे पाहत नव्हता. भिंतीकडे पाहत होता. "तू गावाला गेली होतीस ना?"

एवढेच तर म्हणायचे होते. एक शब्द. इतके समुद्र ओलांडून ती आली होती ती जणू या एका प्रश्नापाशी येऊन उभी राहण्यासाठी. पण जी जीभ चौतीस वर्षे व्याकरणाच्या वाटेवर कधी अडखळली नाही, ती जीभ त्या उन्हाच्या कोनाड्यात तेच पुन्हा करून बसली.

"हो," कालिंदी म्हणाली. "गावाला गेले होते."

एमरिसने मान हलवली. खडा जागच्या जागी ठेवला. "चल, वर जाऊ. मग ऊन जाईल."

किल्ल्यापासूनची वाट चढी होती. नेच्यांतून, पिवळ्या फुलांच्या काटेरी झुडपांतून, ओल्या काळ्या मातीतून ती वर वर जात होती. वारा आता उघडा होता. साडीचा घोळ ओढत होता, डोळ्यांतून पाणी काढत होता, आणि ते पाणी वाऱ्याचे की आणखी कशाचे, हे विचारायला तिथे कुणी नव्हते. कालिंदी धापा टाकत चढत होती. प्रत्येक श्वासाबरोबर तिच्यासमोर ती दुपार येत होती.

फाल्गुनातली दुपार. भोरच्या घरातली अंधारी, थंड, शेणाने सारवलेली ओटी. ती सुपात तांदूळ निवडत होती. फाटक वाजले. खिडकीच्या फटीतून तिने पाहिले. अंगणातल्या उन्हात एक उंच माणूस, लाल झालेला, हातात पिशव्या. आणि त्याच्यापुढे शरयू. अकरा वर्षांनी. शरयू साडी नेसली होती. निऱ्या नीट बसल्या नव्हत्या. सवय गेली होती तिची. कालिंदीच्या बोटांना त्या निऱ्या सारख्या कराव्याशा वाटल्या. इतक्या वर्षांनी, इतके घडून, तिच्या बोटांना पहिल्याने तेच सुचले.

दारावर थाप पडली. "ताई, मी आलेय."

कालिंदी उठली. दारापाशी गेली. हात कडीपर्यंत गेला.

"ताई?"

हात कडीवर होता. लोखंड गार होते. तिच्या आत कुणीतरी म्हणत होते, साताऱ्याचे पत्र. कुणीतरी म्हणत होते, बाबांनी शेवटपर्यंत नाव घेतले नाही. आणि कुणीतरी अगदी हळू, अगदी लहान आवाजात म्हणत होते, उघड.

"ताई, आहेस का गं?"

अजून एकदा हाक आली की उघडीन, कालिंदीने ठरवले. अजून एकदाच. चौथ्या हाकेला उघडीन.

चौथी हाक आली नाही.

दाराच्या लाकडावर काहीतरी टेकल्याचा आवाज झाला, मृदू, कपाळ टेकावे तसा. मग पावले. मग फाटक. कडीवरचा हात कितीतरी वेळ तसाच राहिला; तो खाली आणायचेही तिला सुचले नाही. बाहेर ऊन उतरले, सुपातल्या तांदळावर चिमण्या आल्या. एकतीस वर्षे लोटली. त्या वर्षांत परदेशी पत्रांची किंमत बदलली, मग पत्रेच गेली, फोन आले, खिशात मावणारे फोन आले. ती केव्हाही हाक मारू शकली असती. एका हाकेचा तर प्रश्न होता, आणि आता पाळी तिची होती.

वाट अकस्मात सपाट झाली. एमरिस थांबला होता.

समोर मातीचा प्रचंड, तृणाच्छादित बांध वर्तुळाकार वळत गेला होता. त्याच्या पायाशी खोल खंदक, खंदकापलीकडे दुसरा बांध. ना दगड, ना कमान, ना बुरूज. किल्ल्याच्याही दीड हजार वर्षे आधी केल्ट लोकांनी, या मुलखाच्या आद्य धन्यांनी, लाकडी फावड्यांनी ही माती उपसली होती. आत त्यांची गोल घरे होती, शेगड्या होत्या, भांडणे होती, बहिणी होत्या. आता आत केवळ गवत होते आणि वारा होता, आणि गवतातून धावणारा वारा लाटांसारखा रुपेरी होत कडेपर्यंत जात होता, कडेवरून आकाशात उडी घेत होता.

"इथे," एमरिस म्हणाला. "मे महिन्यात. खूप वारा होता. मी मूठ उघडली. शरयू तिकडे गेली." त्याने हाताने दरी दाखवली, टेकड्या दाखवल्या, ती आकाशाची चुणी दाखवली. "सगळीकडे गेली."

कालिंदी बांधावर उभी होती. तिला धाप लागली होती. तिने धाप उतरण्याची वाट पाहिली नाही. वाट पाहणे तिला आता ठाऊक होते.

"एमरिस," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. मगाशी. मी गावाला गेले नव्हते. त्या दिवशी मी घरात होते. दारामागं उभी होते. तिनं तीन हाका मारल्या. मी उघडलं नाही."

वारा वाहत होता. एमरिस हलला नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय?"

"बाहेर कुलूप नव्हतं, ताई. मी गवंडी. मी घरं बघते, दारं बघते. बाहेर कुलूप नाही म्हणजे कडी आत आहे." तो थांबला. "मी शरयूला सांगितलं नाही. वाटलं, तिच्या लक्षात आलं नाही. गावाला गेली म्हणते, म्हणू दे. तिला बरं वाटेल."

कालिंदीच्या ओठांतून शब्द निघाले ते जवळजवळ ऐकू न येणारे. "तिच्या लक्षात आलं होतं. त्या घरात वाढली ती. कुलूप कुठं लावतात ते तिला ठाऊक नसेल होय?"

"हो," एमरिस म्हणाला. "आता वाटतं, तिला माहीत होतं. पण ती मला सांगायची नाही. तिला वाटलं असेल, मला तुझा राग येईल." तो खाली गवतात बसला, गुडघे दुखत असल्यासारखा, हळूहळू. "एकतीस वर्षं. एका घरात. ती माझ्यापासून लपवायची, मी तिच्यापासून लपवायची."

कालिंदीने हात पुढे केला. कशासाठी, तिलाच कळले नाही. आधार देण्यासाठी की मागण्यासाठी. तो हात हवेत राहिला.

"मग मगाशी मला का विचारलंत?"

"तू स्वतः सांगावंस म्हणून." मग त्याने वर पाहिले. त्याचे डोळे फिकट निळे होते आणि त्यांत माया नव्हती. "मी तुझ्यावर रागावले होते, ताई. खूप. अजून रागावलेली आहे. तुला बोलावलं तरी रागावलेली आहे."

तो आवाज जाड होता, पुरुषी होता, परमुलखातला होता. पण ते वाक्य तसे कुणीही म्हटले नव्हते, कधीही. पत्रांतून नाही, दारातून नाही. शरयूने रागवायला हवे होते, दारावर लाथ मारायला हवी होती, ओरडायला हवे होते, ताई उघड, मी तुझ्यावर रागावलेली आहे. तिने फक्त कपाळ टेकले होते आणि ती निघून गेली होती. आणि आता, ती आकाशभर विखुरली तेव्हा, तिचा राग या वृद्ध गवंड्याच्या तोंडून, तिच्याच रूपांत, तिच्याच क्रियापदांत, डोंगरमाथ्यावर येऊन पोचला होता.

कालिंदी गवतात गुडघ्यांवर बसली. ओल साडीतून आत आली. तिने दोन्ही तळवे भूमीवर ठेवले, थंड, खरखरीत, केसाळ भूमीवर. क्षमेचे किती शब्द तिला ठाऊक होते! मुलींना तिने ते शुद्धलेखनात घातले होते. त्यांतला एकही आला नाही. आला तो केवळ एक हुंदका, कुरूप, ओबडधोबड, बाहत्तर वर्षांच्या छातीला न पेलणारा. एमरिस उठून तिच्यापाशी आला नाही. तो आपल्या जागी बसून राहिला, आणि तिचे रडणे त्याने तिचेच राहू दिले.

पुष्कळ वेळाने ती उठली. कोटाच्या बाहीने तोंड पुसले.

"राग राहू द्या माझ्यावर," ती म्हणाली. "उतरवायची घाई करू नका."

"नाही करत," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "महिनाअखेरपर्यंत आहेस ना तू? शरयूचे कपडे कपाटातून काढायचे आहेत. मला एकटीला होत नाही."

"काढू."

ती बांधावरून चालू लागली. परतीच्या दिशेने नाही. मातीच्या कोटाच्या कडेकडेने, वर्तुळाच्या वळणाने, उजवीकडून. एमरिस मागे आला, चार पावले अंतर ठेवून. खंदकात सावली भरत होती, निळी, नितळ, काठोकाठ. मेंढ्या एकेक करून आडोशाला उतरत होत्या. पश्चिमेच्या उतारावर येताच कालिंदी थांबली, आणि तोही थांबला.

दूर, पलीकडच्या दरीत पाऊस पडत होता. सूर्य त्याच्या पाठीशी होता, म्हणून तो पाऊस आरपार सोनेरी दिसत होता. आकाशापासून भूमीपर्यंत टांगलेला एक तेजस्वी, झिरझिरीत पडदा, कुणाच्यातरी शेतांवर, कुणाच्यातरी छपरांवर अखंड झरणारा. त्याचा आवाज येत नव्हता. त्याचा गारवा येत नव्हता. तो हळूहळू सरकत होता, पण त्यांच्याकडे नाही. दूर, आणखी दूर, टेकडीमागच्या टेकडीकडे. दोघे पाहत राहिली. सोने फिकटले, पिवळे झाले, करडे झाले. आणि इथे, त्यांच्या पायांशी, गवत कोरडेच हलत राहिले.